ग्लुकोज प्यायचं आणि दोन तास थांबायचं : गरोदरपणातली साखरेची तपासणी समजून घेताना

पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टर सांगतात, ‘ग्लुकोजची टेस्ट करून घ्या,’ आणि घरात प्रश्न सुरू होतात. हिला कधी शुगर नव्हती, मग आता कशाला? एवढं गोड पाणी एका दमात प्यायल्यावर बाळाला काही होणार नाही ना? लॅबवाला उपाशीपोटी या म्हणतो, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणतात जेवून आलीस तरी चालेल, मग ऐकायचं कोणाचं? त्यात रिपोर्टवर १४६ वगैरे आकडा आला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘तरी सांगत होते, आंबे कमी खा.’

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ही तपासणी गर्भवतीच्या खाण्यावर निकाल द्यायला केलेली नाही. तिच्या शरीरात जी नवी ओढाताण सुरू झाली आहे ती तिच्या स्वादुपिंडाला पेलते का, एवढंच त्या दोन तासांत पाहिलं जातं. ती ओढाताण कळली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वार साखर का वाढवते?

भात, पोळी, फळं, दूध, साखर, काहीही खाल्लं तरी त्यातल्या पिष्टाचं आणि गोडाचं शेवटी ग्लुकोज होऊन ते रक्तात येतं. रक्तातून ते पेशींमध्ये जायला इन्शुलिन हे हार्मोन लागतं आणि ते स्वादुपिंडात तयार होतं. एरवी एवढ्यावर काम चालतं. गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, यात येते आणि गणित बदलतं.

बाळाचं मुख्य इंधन ग्लुकोज आहे आणि ते त्याला आईच्या रक्तातूनच मिळतं. आई जेवल्यावर सगळं ग्लुकोज तिच्याच पेशींनी झटपट उचललं तर बाळाच्या वाट्याला कमी येईल. म्हणून वार स्वतः काही हार्मोन्स रक्तात सोडते. ह्युमन प्लासेंटल लॅक्टोजेन हे त्यातलं मोठं नाव; प्रोजेस्टेरॉनचाही यात हात असतो. या हार्मोन्समुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. याला इन्शुलिन रोध म्हणतात. हा रोध प्रत्येक निरोगी गरोदरपणात येतोच, आणि बाळाच्या भल्यासाठी येतो.

आता आईच्या स्वादुपिंडाला तेच काम करायला जास्त इन्शुलिन बनवावं लागतं, दिवस भरत येईपर्यंत साधारण दुपटीहून अधिक. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड हे निभावून नेतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. काहींचं मात्र मागे पडतं आणि रक्तातली साखर वर राहते. यालाच गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. रिपोर्टवर आणि फाइलवर तो जीडीएम असा लिहिलेला असतो.

वार मोठी होत जाते तसा रोध वाढतो आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याचा जोर चांगलाच जाणवू लागतो. मुख्य तपासणी २४ ते २८ आठवड्यांत ठेवली आहे ती त्यामुळेच. पण आपल्याकडे पहिली तपासणी त्याही आधी, नाव नोंदवायला जाता त्या पहिल्याच भेटीत करायला सांगतात. कारण काही बायकांना दिवस राहण्यापूर्वीपासूनच मधुमेह असतो आणि तो कधी तपासलेलाच नसतो. बाळाचं हृदय, मेंदू, मणका पहिल्या दोन-अडीच महिन्यांत घडतात. त्या काळात साखर फार चढलेली असेल तर धोका वेगळा आणि मोठा असतो, आणि तो जितक्या लवकर कळेल तितकं बरं. पहिल्या वेळी साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायची. ‘मागे केली होती, नॉर्मल होती’ म्हणून ही दुसरी तपासणी टाळणाऱ्या बायका बऱ्याच असतात, आणि खरी अडचण नेमकी तेव्हाच सापडायची असते.

साखर आईची वाढली, मग बाळाला काय होतं?

आईच्या रक्तातलं ग्लुकोज वारेतून बाळाकडे सहज जातं. आईचं इन्शुलिन मात्र पलीकडे जात नाही. म्हणजे जास्तीची साखर बाळाकडे पोचते, पण ती आवरायची सोय पोचत नाही. मग बाळाचं चिमुकलं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन बनवू लागतं. कोपनहेगनचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही साखळी मांडली आणि आजही तिच्याच आधारे हा आजार समजावला जातो.

इन्शुलिन बाळाच्या शरीरात वाढीच्या हार्मोनसारखं काम करतं. बाळ अंगानं भरतं, विशेषतः पोट आणि खांदे यांच्यावर चरबी चढते. प्रसूतीच्या वेळी डोकं बाहेर येऊन खांदे अडकण्याची भीती असते ती यामुळे. आईचं गर्भजल वाढू शकतं, रक्तदाब चढण्याची शक्यता वाढते. आणि नाळ कापल्या क्षणी आईकडून येणारं ग्लुकोज थांबतं, पण बाळाचं स्वादुपिंड सवयीनं जादा इन्शुलिन सोडतच राहतं. त्यामुळे जन्मल्यावर काही तासांत अशा बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून अशा आईच्या बाळाला पहिल्या तासाभरात अंगावर पाजायला लावतात आणि त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात. नातेवाइकांना हे बघवत नाही, ‘जन्मल्या जन्मल्या सुई कशाला’ म्हणतात, पण तो थेंब घेऊ द्यावा.

एवढं सगळं आत चालू असताना आईला काहीही जाणवत नाही, हीच यातली अडचण आहे. तहान, दमल्यासारखं होणं, सारखं लघवीला जावं लागणं ही लक्षणं गरोदर बाईला एरवीही असतातच. लघवीत साखर दिसते का हे पाहून उपयोग नाही, कारण गरोदरपणात रक्तातली साखर नॉर्मल असतानाही मूत्रपिंडातून थोडी साखर निसटते. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी का नाही करत? ती लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. गरोदरपणात लाल पेशींची उलाढाल वेगानं होते, आणि आपल्याकडे त्यात भर म्हणून पुष्कळ गर्भवतींना रक्तक्षय असतो. दोन्हींमुळे आकडा फसवतो. आधीपासूनचा मधुमेह ओळखायला तिची मदत होते, पण वारेमुळे आलेली वाढ ती हुकवू शकते.

नुसतं रक्त का नाही घेत? ग्लुकोज पाजायचं कशाला?

रिकामा टेम्पो सपाट रस्त्यावर छान पळतो. इंजिनात दम किती आहे हे माल भरून खंबाटकी चढायला लागलो की कळतं. उपाशीपोटीची साखर म्हणजे सपाट रस्ता. गरोदरपणात तर बाळ रात्रभर ग्लुकोज घेत असल्यानं आईची सकाळची साखर एरवीपेक्षा थोडी खालीच असते. स्वादुपिंडाची कसोटी लागते ती जेवणानंतर. म्हणून ठरावीक वजनाचं ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी शरीरानं ते कितपत आवरलं हे मोजायचं.

ते ग्लुकोज ७५ ग्रॅम असतं. ऊर्जेच्या हिशेबानं हे तीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे एका पोटभर न्याहारीएवढं. ते झटपट रक्तात उतरतं, त्यामुळे साखर तासाभरासाठी चढते आणि मग उतरू लागते. एका सकाळच्या या चढ-उतारानं बाळाला इजा होत नाही. बाळाला त्रास होतो तो आठवडेच्या आठवडे, दर जेवणानंतर साखर चढलेली राहिली तर. तपासणी टाळली म्हणजे नेमकं तेच पदरात पडण्याची शक्यता.

उपाशी जायचं की जेवून?

दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या पद्धतींच्या आहेत.

सरकारी दवाखान्यांत आणि बऱ्याच खासगी ठिकाणी वापरतात ती पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि ‘डिप्सी’ या भारतीय अभ्यासगटानं पुढे आणली. त्यांचा विचार अगदी जमिनीवरचा होता. गर्भवती बाई बस पकडून, कधी दोन कोस चालत उपकेंद्रावर येते. तिला ‘उद्या उपाशी ये’ सांगितलं तर ती परत येईलच असं नाही. उपाशी एवढ्या लांब आलीच तर चक्कर यायची भीती. मग ती ज्या दिवशी आली आहे त्याच दिवशी, काही खाल्लेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत आहे. डॉ. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, भारतात गरोदरपणातल्या मधुमेहाविषयीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

दुसऱ्या पद्धतीत रात्रभर उपाशी राहून जायचं, आधी एकदा रक्त द्यायचं, मग तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज, आणि मग एक तासानं व दोन तासांनी रक्त. इथे उपाशीपोटी ९२, एक तासाला १८०, दोन तासांना १५३ या रेषा आहेत आणि तिन्हींपैकी एक जरी गाठली किंवा ओलांडली तरी निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये ही स्वीकारली.

बाळंतपणासाठी परदेशात असलेल्या आपल्या मुलींना आणखी वेगळं ऐकायला मिळतं आणि फोनवर आई-मुलीचा गोंधळ उडतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तासाभरानं रक्त घेतात, आणि ते जास्त आलं तरच १०० ग्रॅमची तीन तासांची मोठी तपासणी करतात. पहिल्या पायरीत साखर वाढलेली येणं म्हणजे मधुमेह नव्हे, हे लक्षात ठेवलं तर एक आठवडा जिवाला घोर लागणार नाही. ब्रिटनमध्ये सरसकट सगळ्यांची तपासणी करत नाहीत, धोका जास्त असलेल्यांचीच करतात. पण भारतीय वंश हाच त्यांच्या यादीतला एक धोका आहे, त्यामुळे आपल्या मुलींना ती होतेच. तिथले आकडेही वेगळ्या मापात असतात. तिकडचा ७.८ म्हणजे आपल्याकडचा १४०.

डिप्सीच्या पद्धतीवर डॉक्टरांमध्येच वाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उपाशी न राहता एकदाच रक्त घेतल्यानं काही बायकांचं निदान हुकतं असं काही भारतीय अभ्यासांत दिसलं आहे. माझं मत असं की परवडत असेल, जवळ चांगली लॅब असेल आणि डॉक्टर सुचवत असतील तर उपाशीपोटीची तीन नमुन्यांची तपासणी करावी. पण जिला दुसऱ्यांदा येणं जमणारच नाही तिच्यासाठी त्याच दिवशी झालेली डिप्सीची तपासणी कधीच न झालेल्या आदर्श तपासणीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. तिथे ही तपासणी मागून घ्यावी. आशाताईंना आधी विचारलं तर त्या दिवशी ग्लुकोज आहे की नाही हेही कळतं.

त्या दिवशी काय सांभाळायचं

ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात आणि ते पाच मिनिटांत संपवायचं असतं. घोट घोट करत अर्धा तास लावला तर आकड्याला अर्थ राहत नाही. पाणी गार असेल तर कमी मळमळतं. लिंबाचे चार थेंब चालतील का, हे लॅबला विचारून घ्या. मात्र दुकानातून संत्र्याच्या चवीची पावडर स्वतःच नेऊ नका. तीत साधी साखर मिसळलेली असू शकते आणि मग ग्लुकोजचं वजन चुकतं.

प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी त्या दिवशी थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. अर्ध्या तासानंतर झाली तर तशीच पुढे चालू ठेवतात. दोन तास बसून राहायचं. खाली जाऊन भाजी घेऊन आलं, जिने चढले, की स्नायू ग्लुकोज वापरतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. साधं पाणी थोडं प्यायला हरकत नसते, चहा-बिस्कीट नको.

आणखी दोन बारीक गोष्टी. दवाखान्यात बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहणार असतील तर आधी हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. ग्लुकोज पिताना बोटांना चिकटलेला एक थेंब पट्टीवर गेला तर तीस-चाळीस आकडे उगाच वाढलेले दिसू शकतात. आणि शिरेतून रक्त घेणार असतील तर ते करड्या टोपणाच्या नळीत जातंय का, याकडे जरा बघा. त्या नळीत फ्लोराइड असतं. नळीतल्या रक्तपेशी बाहेर काढल्यावरही ग्लुकोज खात राहतात आणि दर तासाला साखर पाच-सात टक्क्यांनी घटत जाते. फ्लोराइड ते रोखायला मदत करतं. गावातून नमुना तालुक्याच्या लॅबला जाणार असेल तर या एका गोष्टीनं १४५ चे १३० होऊ शकतात.

‘मी तर बारीक आहे, घरात कोणाला शुगर नाही’

वजन जास्त असेल, आई-वडिलांना मधुमेह असेल, पाळी अनियमित होण्याचा पीसीओडीचा त्रास असेल, आधीचं बाळ फार मोठं झालं असेल तर धोका जास्त, हे खरं. पण यांपैकी काहीच नसताना हा आजार होणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर आहेत. फक्त ‘धोक्यातल्या’ बायका निवडून तपासायचं ठरवलं तर त्या सुटतात.

याचं एक कारण पुण्यातूनच जगाला कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. वजन, स्नायू, पोटातले अवयव सगळंच आपल्या बाळांत कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला हडकुळं, आतून चरबी राखून असलेलं बाळ. हीच गोष्ट मोठेपणी कशी दिसते याचं उदाहरण याज्ञिकांनी स्वतःवरून दिलं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारी आपल्याकडची बाई इन्शुलिनच्या बाबतीत बारीक असेलच असं नाही.

शहरातल्या बायकांचाच हा आजार, असाही एक समज आहे. तामिळनाडूत डॉ. शेषय्यांच्या गटानं पाहिलं तेव्हा शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि खेड्यांत ९.९ टक्के गर्भवतींमध्ये तो सापडला. खेड्यात कमी, पण दहातल्या एकीला. सरसकट सगळ्यांची तपासणी का, याचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

या रेषा आल्या कुठून? १३९ ला काहीच नाही आणि १४१ ला आजार?

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि डॉक्टर घाईत असल्यानं त्याचं उत्तर क्वचितच मिळतं.

१९६४ मध्ये बॉस्टनचे डॉ. जॉन ओसलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर माहन यांनी ७५२ गर्भवतींच्या तपासणीवरून पहिल्या रेषा आखल्या. पुढे अनेक दशकं जगभर त्यांचाच आधार होता. पण त्या रेषा ठरवताना पाहिलं होतं ते इतकंच, की या बाईला पुढे आयुष्यात मधुमेह होईल का. पोटातल्या बाळाचं काय होतं यावरून त्या आखलेल्याच नव्हत्या.

बाळाच्या बाजूनं उत्तर शोधणारा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हापो’ या नावानं तो ओळखला जातो. नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त गर्भवतींची तपासणी केली आणि ज्यांची साखर फार वाढलेली नव्हती त्यांचे आकडे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना न सांगता पुढे काय होतं ते पाहिलं. दिसलं असं की आईची साखर जसजशी वाढते तसतसं बाळ मोठं होण्याचं, बाळाच्या रक्तात इन्शुलिन वाढण्याचं प्रमाण वाढत जातं. अमुक आकड्यापर्यंत निर्धास्त आणि तिथून पुढे धोका, असा कडा कुठे सापडलाच नाही. सगळा चढ सलग.

चढावर रेषा माणसांनी ओढावी लागते. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं ठरवलं, की सरासरी साखरेच्या तुलनेत जिथे बाळावरचे हे परिणाम होण्याची शक्यता पावणेदोन पट होते तिथे रेषा मारू. ९२, १८०, १५३ हे आकडे त्यातून निघाले. दोनपट धरली असती तर आकडे वेगळे आले असते. म्हणून १३९ म्हणजे अभय आणि १४१ म्हणजे संकट असं मानू नये. १३८ आलं तरी ताटाकडे लक्ष द्यावं, १४२ आलं म्हणून रात्र जागून काढू नये.

यातूनच एक गंभीर आक्षेप निघतो. रेषा इतकी खाली आणली की उगाच पुष्कळ बायकांना आजारी ठरवलं जातं, असं काही डॉक्टर म्हणतात. अमेरिकेतल्या जवळजवळ चोवीस हजार गर्भवतींवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. एकाच टप्प्याच्या (उपाशीपोटी ७५ ग्रॅमच्या) पद्धतीनं १६.५ टक्के बायकांना मधुमेह निघाला, दोन टप्प्यांच्या (आधी ५०, मग १०० ग्रॅमच्या) पद्धतीनं ८.५ टक्के, पण बाळ-बाळंतिणींच्या तब्येतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. हा आक्षेप वजनदार आहे. मात्र त्या अभ्यासात दोन्हीकडे सगळ्यांची तपासणी होणार हे गृहीतच होतं. रेषा कुठे मारायची यावर वाद जरूर आहे, तपासायचं की नाही यावर त्यातून काही शंका निघत नाही. आणि सापडलेल्यांवर उपचार केल्यानं फायदा होतो का, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासानं २००५ मध्येच दिलं होतं. हजार बायकांपैकी निम्म्यांना आहार, साखरेवर नजर आणि लागेल तसं इन्शुलिन दिलं, निम्म्यांना नेहमीची देखभाल. बाळांच्या बाबतीतल्या गंभीर घटना चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आल्या.

आकडा जास्त आला. आता खायचं काय?

पहिले दोन आठवडे बहुतेकींना फक्त आहार सांगतात आणि पुष्कळजणींचं तेवढ्यावर भागतं. आपल्याकडे अडचण भुकेची नसते, भोवतीच्या प्रेमाची असते. ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून ताटात चौथी पोळी पडते, डोहाळजेवणात सात गोड पदार्थ समोर येतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण सासूबाईंना, आईला हा सगळा विषय समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे आणि ते काम नवऱ्यानं करावं.

सगळ्यात अवघड वेळ सकाळची. पहाटे कॉर्टिसॉल वाढलेलं असल्यानं इन्शुलिनचा रोध तेव्हा जास्त असतो. दोन चमचे साखरेचा चहा, चार बिस्किटं आणि वर बशीभर पोहे, हे साखरेला फार जड जातं. पोहे बंद करायची गरज नाही. अर्धी बशी पोहे, त्यात शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी, बाजूला एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही, आणि चहा बिनसाखरेचा किंवा तासाभरानं. मुगाचं धिरडं, बेसनाचं पोळं, नाचणीची भाकरी आणि उसळ हे सकाळी जास्त सोसतं. दुपारी एक-दोन ज्वारीच्या भाकऱ्या, घट्ट वरण, पालेभाजी, कोशिंबीर आणि शेवटी वाटीभरच भात. एकदम तीन वेळा जेवण्यापेक्षा तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी बरी, त्यात झोपण्यापूर्वीच्या कपभर बिनसाखरेच्या दुधाचा समावेश.

उपवास हा मोठा सापळा. चतुर्थीला दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, यात दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. या महिन्यांत उपवास सोडून दिलेलाच बरा. गुळानं साखर वाढत नाही, मधानं वाढत नाही, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. आंबा? जेवणावर आमरसाची वाटी नको, मधल्या वेळी दोन-तीन फोडी, मूठभर दाण्यांसोबत, आणि नंतर साखर मोजून पाहायची. प्रत्येकीचं शरीर वेगळी दाद देतं.

डॉक्टरांची मनाई नसेल तर जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललं तरी आकड्यात फरक दिसतो. उलट टोकाला जाऊन भात-पोळी सगळंच बंद करू नये. बाळाला ग्लुकोज लागतंच, आणि उपाशी राहिल्यानं वजन घटणं हेही त्याच्यासाठी वाईट.

घरी मोजताना उद्दिष्ट साधारण असं : उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. दोन तास मोजायचे ते पहिला घास घेतल्यापासून, हात धुतल्यापासून नाही.

इन्शुलिन लावलं म्हणजे कायमचं लागलं का? सिझेरियनच होणार का?

दोन्हींचं उत्तर बहुधा नाही. आहारानं दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली नाही तर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्शुलिन देतात. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, इन्शुलिन पोचत नाही. म्हणून सुईची भीती असली तरी बाळाच्या दृष्टीनं इन्शुलिन हे निर्धास्त औषध आहे. महिने सरतील तसा त्याचा डोस वाढवावा लागतो. त्याचा अर्थ आजार बिघडला असा नाही, वार वाढते आहे एवढाच. वार बाहेर पडली की बहुतेकींचं इन्शुलिन त्याच दिवशी थांबतं.

सिझेरियन मधुमेहासाठी म्हणून करत नाहीत. बाळ फार मोठं झालं असेल किंवा दुसरी काही अडचण असेल तर करतात. साखर आटोक्यात असेल तर नैसर्गिक प्रसूतीची वाट इतरांसारखीच मोकळी असते.

बाळंतपणानंतर जी तपासणी सगळे विसरतात

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. गरोदरपणात वारेनं जो जोर लावला त्यात जिचं स्वादुपिंड कमी पडलं, तिला पुढच्या आयुष्यात टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या जवळजवळ सातपट असते. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हा आकडा काढला गेला. तिशीतच मिळालेली ही पूर्वसूचना आहे. वजन, चालणं, खाणं सांभाळून मधुमेह पुष्कळ वर्षं पुढे ढकलता येतो, कित्येकींना टाळताही येतो. अंगावर पाजण्याचाही यात आईला फायदा होतो.

पण ही सूचना हरवते, आणि आपल्या रीतीभातींतच ती हरवायची जागा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, गरोदरपणाची फाइल माहेरच्या कपाटात राहते, सव्वा महिन्यानंतर बाळंतीण सासरी जाते, तिथले डॉक्टर वेगळे. घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे असतं, आईची साखर कोणी विचारत नाही. वर डिंकाचे, अळिवाचे लाडू आणि साजूक तुपातला शिरा चालूच.

यावर एक सोपा उपाय आहे. बाळाला दीड महिन्याचे डोस द्यायला तुम्ही जाताच, कारण ते कोणी चुकवत नाही. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची जी ग्लुकोजची तपासणी करायची असते तिची वेळही तीच. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर त्या तारखेशेजारी पेनानं ‘आईची शुगर’ असं आताच लिहून ठेवा. तपासणी पुन्हा ७५ ग्रॅमचीच, पण या वेळी रात्रभर उपाशी राहून जायचं, आधी एकदा आणि दोन तासांनी एकदा रक्त द्यायचं. साखर उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह टिकून आहे असं धरून उपचार. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये आला तर ती मधली पायरी, खाण्या-चालण्यानं मागे फिरण्याची संधी असलेली. नॉर्मल आली तरी दर वर्षी एकदा तपासायची, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ‘मागच्या वेळी शुगर होती’ हे आपणहून सांगायचं. जुनी फाइल सोबत न्यायची. त्यातला दोन तासांचा आकडा त्या डॉक्टरांच्या कामाचा असतो.